गाठींमधली शिट्टी

तीर्थरूप दादांना,

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (तुमचे बाबा सुखरूप आहेत, तुमची बहीण सुखरूप आहे, माझे दोन्ही हात जागेवर आहेत आणि गिरणीही जागच्या जागी उभी आहे. एवढं आधी सांगितलं म्हणजे पुढचं पत्र तुम्ही खुर्चीत बसून वाचू शकाल.) वहिनींचा गुडघा आता कसा आहे? जिना चढताना दुखतो की उतरताना, हे तुम्ही मागच्या पत्रात लिहिलं नव्हतं, आणि तुमची बहीण ते रोज मला विचारते आहे, जसं काही दुखणं मीच लपवून ठेवलंय. शाळेतल्या परीक्षा आटोपल्या असतील. मागच्या पत्रातल्या माझ्या ऱ्हस्व-दीर्घाच्या चुका लाल शाईने दुरुस्त करून तुम्ही ते पत्र परत पाठवलंत, त्याबद्दल आभारी आहे. या पत्रात चुका आढळल्या तर त्या घाईमुळे झाल्या असं समजावं. घडलं ते परवा आणि पत्र आजच टाकायचं आहे.

विषय तुम्ही बाबांना घेऊन दिलेल्या कानाच्या यंत्राचा आहे. ते हरवलेलं नाही. म्हणजे हरवलं होतं, पण आता सापडलं आहे, आणि मधल्या पाऊण तासात काय काय झालं ते दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी तुम्हाला माझ्याकडून कळावं, एवढाच या पत्राचा हेतू. (दुसरं कुणी म्हणजे तुमची बहीण. तिच्या सांगण्यात मी फार पळतो. मी इतका पळालो नव्हतो.)

आमच्या सूतगिरणीत वर्षातून एक दिवस कामगारांच्या घरच्यांना बोलावून गिरणी दाखवतात. गेली चार वर्षं मी ही गोष्ट घरात शिताफीने लपवली होती, कारण मी घरी सांगितलेलं माझं काम आणि माझं खरं काम यात थोडं अंतर आहे. (घरी समज असा, की मी नसलो तर गिरणी बंद पडते. प्रत्यक्षात मी रुई उघडण्याच्या आणि पिंजण्याच्या खात्यावर दिवसपाळीचा सुपरवायझर आहे, आणि मी रजेवर असलो की खातं जरा बरंच चालतं.) यंदा मात्र आमंत्रणाचा कागद शर्टाच्या खिशात राहिला, शर्ट धुवायला गेला आणि कागद बाबांच्या हाती लागला. त्यांनी तो दोनदा वाचला, त्याची घडी घातली आणि बूट पुसायला बसले. तेहेतीस वर्षं सूत काढलेला माणूस निवृत्त झाल्यापासून अकरा वर्षांत गिरणीच्या फाटकातून आत गेला नव्हता. त्या बुटांकडे बघून 'नको' म्हणायची माझी छाती झाली नाही.

फाटकाशी प्रत्येक पाहुण्याला कागदी टोपी, नाकातोंडाला लावायचा मास्क आणि कानात घालायचे बोळे मिळाले. बोळे देणाऱ्या मुलीला बाबा म्हणाले, "मला नकोत, पोरी. माझ्या कानात गिरणीने केव्हाच बसवून दिलेत." ती हसली, मागची रांग हसली आणि बाबा खूश झाले. मास्कचे रबरी फास त्यांनी कानांमागे अडकवले. उजव्या कानामागे तुमचं यंत्र आधीच बसलेलं होतं. फास त्याच्यावरूनच गेला. हे मी डोळ्यांनी पाहिलं आणि पाहून मला काहीही सुचलं नाही. पहिली चूक इथे धरा. (लाल शाई जपून वापरा, अजून पुष्कळ बाकी आहेत.)

पहिलं खातं माझंच. तुम्ही गिरणीकामगाराचे चिरंजीव असूनही व्याकरणाकडे वळलात, म्हणून थोडं समजावून सांगतो. (बाबा म्हणतात, लहानपणी तुम्ही एकदा त्यांचा डबा घेऊन गिरणीत आला होतात आणि जे शिंकत सुटलात ते घरी पोचेपर्यंत.) कापसातली सरकी आमच्याकडे यायच्या आधीच काढलेली असते. आमच्याकडे येते ती रुई, दाबून दाबून पट्ट्यांनी बांधलेल्या गाठींत. पट्ट्या कापून या गाठी जमिनीवर दोन लांब रांगांत मांडतात. दोन रांगांच्या मधून रुळांवर एक उंच यंत्र येरझारा घालतं आणि एका रांगेवरून आपला दातेरी हात फिरवतं. एका फेरीत तो प्रत्येक गाठीचा वरचा पातळ थर तेवढा ओरबाडून घेतो, म्हणजे चाळीस गाठींची रुई थोडी थोडी एकत्र होत जाते. ती पुढे नळातून खेचली जाते, झोडपली जाते, तिच्यातली माती, पानांचा चुरा, सरकीचे तुकडे खाली पडतात. एक रांग संपत आली की हात वळून दुसऱ्या रांगेवर येतो. हात चालू असतो त्या बाजूला कुणालाच जाता येत नाही. दुसरी बाजू शांत असते, तरी तिच्याही अलीकडे पिवळा पट्टा आखलेला आहे, आणि पाहुण्यांना पट्ट्याच्या पलीकडे नेऊ नये अशी पाटी आहे. पाटी माझ्याच अक्षरात आहे.

बाबा पट्टा ओलांडून सरळ शांत बाजूच्या गाठींपाशी गेले. मी "बाबा, बाबा" करेपर्यंत त्यांनी मास्क झटक्यात हनुवटीखाली ओढला होता आणि गाठीत हात घातला होता. चिमूटभर रुई काढली, दोन्ही हातांच्या चिमटीत धरून ओढली, परत जुळवली, परत ओढली. असं करता करता बोटांत सरळ तंतूंचा इवलासा झुबका उरला. तो कोटाच्या काळ्या बाहीवर ठेवून त्याची लांबी पाहिली. मग रुईचा वास घेतला. "तंतू चांगला आहे. जरा ओलसर वाटतो," म्हणाले. आमच्या प्रयोगशाळेतल्या यंत्राने सकाळी हेच सांगितलं होतं, पण त्याला त्यासाठी वीज लागते. पंचवीस पाहुणे आणि माझ्या हाताखालची चार माणसं बघत होती. मला अभिमान वाटला, दादा. तुमच्यापाशी कबूल करायला हरकत नाही, मान ताठ झाली, आणि ताठ मानेच्या माणसाला खाली काय पडलं ते दिसत नाही.

पुढे पिंजणाची यंत्रं. बारीक बारीक तारांचे दात असलेलं मोठं पिंप गरागरा फिरतं, रुईचा तंतू न् तंतू सुटा होतो आणि पलीकडून तलम पडदा बाहेर येतो. तो पडदा एका भोकातून ओढला, की त्याचा मऊ दोर होतो. तो पेळू. उंच डब्यात तो आपोआप वेटोळी घालत बसतो. तुमच्या बहिणीला हे फार आवडलं, तिने मला विचारलं, "आणि यात तुम्ही काय करता?" मी पुढच्या खात्याकडे बोट दाखवलं. तिथे आठ पेळू एकत्र ओढून त्यांचा एक करतात, म्हणजे एखादा कुठे जाड, एखादा कुठे बारीक असला तरी आठ जणांत ते खपून जातं. मग तो आणखी बारीक करून त्याला हलका पीळ देतात, आणि शेवटी साच्यांवर, म्हणजे सूत कातायच्या यंत्रांवर, त्याचं सूत होतं. सूत गुंडाळणाऱ्या शेकडो सळया, म्हणजे चात्या, एका ओळीत फिरत असतात. तिथला आवाज मी लिहून सांगू शकत नाही. शेजारच्याला काही सांगायचं तर त्याच्या कानाला तोंड लावावं लागतं, आणि लावलं तरी तो "काय?" म्हणतो. पाहुण्यांनी बोळ्यांवर वरून तळहात दाबले होते. बाबा मधोमध उभे राहिले, चात्यांवरून प्रेमाने नजर फिरवली आणि माझ्याकडे वळून म्हणाले,

"जावईबापू, हल्लीची यंत्रं किती गुपचूप चालतात हो!"

मी हसलो. दोनएक पावलं पुढे गेलो. मग थांबलो, मागे वळलो आणि त्यांच्या उजव्या कानाकडे पाहिलं. कान होता. कानामागे काही नव्हतं.

आता पळण्याचा मुद्दा. गाठींच्या खोलीपर्यंत मी भरभर चालत गेलो एवढंच खरं. (टोपी उडाली ती वाऱ्याने.) पोचलो तर यंत्राचा हात दुसऱ्या रांगेवर वळून दोन फेऱ्या झाल्या होत्या, बाबांनी जिथे रुई ओढली होती त्या गाठींवरूनसुद्धा. वरचा थर गेला होता. दादा, कानाचं यंत्र आपलं भुईमुगाच्या शेंगेएवढं, त्यात बटणाएवढा सेल. पण पुढच्या नळात पोलादी दात मिनिटाला किती वेळा फिरतात ते मला ठाऊक आहे. सेलवर दात बसला, ठिणगी उडाली, ती नळातून रुईबरोबर पुढे गेली तर काय होतं, हेही मला ठाऊक आहे. दर सहा महिन्यांनी इतरांना मीच ते शिकवतो. ठिणगी पकडायची यंत्रणा आहे, जड वस्तू खाली पाडायची पेटी आहे, लोहचुंबकही आहे. एक मन म्हणालं, तेवढी सोय आहे, गप्प बस, पाटी तुझ्या अक्षरात आहे. आणि आत सगळ्या तुकड्या मिळून दोनशे पाहुणे होते. त्यांत आमच्या चौकीदाराची म्हातारी आई, कुणाची तान्ही मुलं, तुमची बहीण, तुमचे वडील. मी लाल बटण दाबलं. बोटाने दाबतात, मी दोन्ही हातांनी दाबलं.

नेमकं त्याच वेळी मॅनेजरसाहेब पलीकडे पाहुण्यांना सांगत होते, की गेल्या एकवीस दिवसांत हे खातं एक मिनिटसुद्धा थांबलेलं नाही.

दोन मिनिटांत आमच्या मास्तर आल्या. (या बाई आहेत, सूत खात्याच्या प्रमुख. सगळे त्यांना मास्तरच म्हणतात आणि समोर आल्या की सगळ्यांना आपापला गृहपाठ आठवतो.) "काय झालं?" मी म्हटलं, रुईत वस्तू पडली आहे. "कसली?" कानाचं यंत्र. "कशाचं?" कानाचं! "कानाचं काय?" मी स्वतःच्या कानाकडे बोट दाखवून ओरडलो. त्यांना वाटलं मी त्यांना बोळे काढायला सांगतोय. त्यांनी ते काढले आणि मग शांतपणे सगळं ऐकलं. पट्टा कुणी ओलांडला, हेही मी सांगितलं. त्या एवढंच म्हणाल्या, "बटण दाबलंत ते बरं केलंत. बाकीचं नंतर." त्या 'नंतर'साठी मी मनातल्या मनात माफीचा अर्ज लिहायला घेतला.

पाहुण्यांना बाहेर अंगणात नेलं. पिंजणाची यंत्रं बंद केली. आमच्या फिटरने पेट्या उघडायला घेतल्या. (याला सगळे 'हळू' म्हणतात, कारण कुठलंही झाकण काढताना तो स्वतःलाच "हळू, हळू" म्हणत असतो.) जड वस्तूंच्या पेटीत खडे निघाले, सुतळी निघाली, एक पक्ष्याचं पीस आणि अर्धा चमचा निघाला. लोहचुंबकाला पट्टीचा तुकडा चिकटलेला होता. कानाचं यंत्र कुठेही नाही. आता रुई मिसळण्याच्या खोल्या उपसायच्या, म्हणजे सहा कप्पे, प्रत्येक दीड पुरुष उंच. हळूने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती मला पुष्कळ दिवस पुरेल.

तेवढ्यात तुमची बहीण पुढे आली. (तिला बाहेर जायला सांगितलं होतं. तिने ऐकलं नव्हतं. आभार.) ती मास्तरांना म्हणाली, "ते कापडाखाली दबलं की शिट्टी मारतं. घरी उशीखाली राहिलं की मी तसंच शोधते. पण इथे ऐकू यायला हवं." मास्तरांनी क्षणभर विचार केला आणि साचेही थांबवायला सांगितले.

दादा, चालू गिरणी एकदम गप्प होते तेव्हा काय होतं ते कधी ऐकलं नसेल तुम्ही. भिंतींचासुद्धा आवाज असतो हे मला तेव्हा कळलं. कुणी पाय हलवीना. मॅनेजरसाहेबांना शिंक येत होती ती त्यांनी नाक चिमटीत धरून परत पाठवली. बाबांना तर काहीच ऐकू येत नव्हतं, आधीही आणि आताही ('बाहेर चला' हेसुद्धा नाही), म्हणून ते एकटेच निवांत होते. हात मागे बांधून पिंजणाच्या यंत्रांमधून फिरत होते. तुमची बहीण चपला काढून कप्प्यांपाशी गेली. नाही. नळापाशी गेली. नाही. मग गाठींच्या रांगेशी आली, वाकली, दोन पावलं मागे आली आणि तिने हात वर केला. मीही कान दिला. बारीक, एकसुरी, 'चीं'. नवव्या आणि दहाव्या गाठीच्या फटीतून. ते वर राहिलंच नव्हतं. पडल्या पडल्या फटीत घरंगळलं होतं आणि दातेरी हात दोन्ही वेळा त्याच्या डोक्यावरून गेला होता. हळू पोटावर आडवा झाला, "हळू, हळू" म्हणत त्याने ते आकड्याने ओढलं आणि रुईची दाढी लावलेलं तुमचं यंत्र तळहातावर घेऊन उभा राहिला. कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मी खाली बसलो. बसायला जागा बघितली नव्हती, पण गाठ होती, मऊ होती. किती हायसं वाटलं म्हणून सांगू! 

मॅनेजरसाहेब म्हणाले, "चला, करा चालू." माणसं आपापल्या जागी पळाली. तेवढ्यात पलीकडून बाबांचा आवाज आला. (बहिरी माणसं मोठ्याने बोलतात, आणि गिरणी गप्प होती.)

"हे चालू करू नका!"

ते सातव्या पिंजणयंत्रापाशी उभे होते आणि उजवा तळहात झटकत होते. मॅनेजरसाहेब हसत म्हणाले, "आजोबा, सापडलं तुमचं!" बाबांना ते कुठलं ऐकू येणार? त्यांनी मास्तरांचा हात सरळ मनगटाशी धरला आणि यंत्राच्या कडेला, जिथे पिंपाचा आस बसतो, तिथे नेला. मी डोळे मिटले. मास्तरांचा हात आजपर्यंत कुणी धरलेला नाही. मास्तरांनी तळहात टेकवला आणि चटकन मागे घेतला. यंत्र थांबून वीस मिनिटं झाली होती आणि तो भाग अजून भाजत होता. हळूने झाकण काढलं, या वेळी "हळू" न म्हणता. आत बेअरिंगमधलं ग्रीस पार सुकून गेलं होतं आणि भोवती साठलेली रुईची लव भाजून तपकिरी झाली होती. बोट लावलं तर तिचा भुगा झाला.

 मास्तरांनी तो भुगा मॅनेजरसाहेबांच्या तळहातावर ठेवला. मी सेलच्या ठिणगीला घाबरून धावत होतो आणि खरी आग इथे, माझ्याच खात्यात, तासाभराच्या अंतरावर बसली होती. आणि मी सकाळी तिच्याच शेजारी उभा राहून तुमच्या बहिणीला पेळू दाखवला होता. मी बाबांच्या कानामागे यंत्र बसवलं आणि विचारलं, तुम्हाला कळलं कसं? ते म्हणाले, "कान गेले तेव्हा नोकरीची बारा वर्षं बाकी होती, जावईबापू. ती हातांवर काढली. कुणाला सांगितलं नव्हतं." दादा, तुम्हाला सांगितलं होतं का त्यांनी? तुमच्या बहिणीला नव्हतं. ती तिथेच मला म्हणाली, चला, मला पाणी हवंय, आणि पाणी न पिता बराच वेळ नळापाशी उभी राहिली.

संध्याकाळी मला मास्तरांच्या खोलीत दोन कागद मिळाले. एकात, पाहुण्यास पिवळ्या पट्ट्यापलीकडे जाऊ दिल्याबद्दल सक्त ताकीद. दुसऱ्यात, प्रसंगावधान राखून वेळीच यंत्र थांबवल्याबद्दल प्रशंसा. दोन्हींना मिळून एकच टाचणी. मी विचारलं, यातला वर कुठला ठेवायचा? मास्तर म्हणाल्या, "घरी जाताना प्रशंसा, कामावर येताना ताकीद." त्या विनोद करतात हे गिरणीत अजून कुणाला माहीत नाही, तेव्हा हे तुमच्यातच ठेवा.

तर असं झालं. सगळं नीट आहे आणि मी रोज दोन वेळा पोटभर जेवतो आहे. वहिनींना आमच्या दोघांचा नमस्कार, मुलांना जवळ घेऊन पाठीवर एकेक थाप. कळावे म्हणायचं, पण आता कळायचं काही राहिलेलंच नाही.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. यंत्राला आता काळी दोरी बांधून ती बाबांच्या कॉलरला अडकवली आहे. यंत्र उत्तम चालतं. मी बोलायला लागलो की ते काढून ठेवतात, त्यात यंत्राचा दोष नाही.

ता. क. २. खरं तर पत्र लिहायचं कारण वेगळं आहे. ठरल्याप्रमाणे बारा तारखेला तुम्ही बाबांना न्यायला येणार. सहा महिने तुमचे, सहा आमचे, हे माझ्याच तोंडून ठरलं होतं आणि इथवर वाचून तुम्हाला वाटलं असेल की मी दिवस मोजतोय. पण मास्तरांनी बाबांना दर मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी दोन तास बोलावलं आहे. पिंजण खात्यात नव्या लागलेल्या बायकांना यंत्राची तब्येत हाताने कशी ओळखायची ते शिकवायला. बाबा 'बघू' म्हणाले आणि घरी येऊन त्यांनी बॅग भरायला घेतली, कारण तुमची पाळी आहे आणि तुम्हाला वाईट वाटेल. ते स्वतः होऊन राहायचं म्हणणार नाहीत. तेव्हा दादा, कृपा करून त्यांना एक पत्र लिहा की घराचं रंगकाम काढलं आहे, सामान इकडेतिकडे पडलंय, आणखी काही महिने तिथेच राहा. तुम्ही आयुष्यात खोटं लिहिलं नाहीत हे मला माहीत आहे. हे एकच लिहा. शुद्धलेखन तुमचं चांगलंच आहे, त्यामुळे ते खरं वाटेल. आणि बारा तारखेला तुम्ही सगळे या, राहा, आणि बाबांना न घेता परत जा.

ता. क. ३. दादा, मी, तुझी बहीण, लिहितेय. आमचे हे पाकीट आणायला गेले तेवढ्यात बाबांनी टेबलावरचं हे पत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.  आत जाऊन बॅगेतले कपडे परत कपाटात लावून आले आणि म्हणाले, "त्याला लिही, पुढची खोली फिक्या रंगात रंगव म्हणावं. गडद रंगाने ती लहान दिसेल." तर आता खरोखरच रंगकाम काढ. पुढच्या वेळी ते येतील तेव्हा भिंतीला हात लावून बघतील.